हळू वाजणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. आकार म्हणाल तर पाण्याच्या कॅनएवढा. पुढून काळी जाळी, डोक्यावर धरायला मूठ, आणि जाळीच्या एका कोपऱ्यावर पोचा. घरात मला सगळे 'डबा' म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला राग आला होता. आता कोणी 'स्पीकर' म्हटलं, तर दुसऱ्याच कुणाला हाक मारली असं वाटतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या. खाली जाड आवाजासाठी मोठा पडदा बसवला, वर बारीक आवाजासाठी छोटा भोंगा. आवाज वाढवणारं यंत्रही माझ्या पोटातच आहे, म्हणून माझ्यासारख्याला पावर्ड स्पीकर म्हणतात. वीज द्या, तार खुपसा, की मी बोलायला तयार. माझ्या पाठीवर तीन तारांना तीन जागा आहेत आणि प्रत्येक जागेला तिची वेगळी कळ. एकीचा आवाज वाढवला तर दुसरी रुसत नाही. हे तेव्हा मला काही मोठं वाटलं नव्हतं. बाळाला कुठे आपल्या बोटांचं कौतुक असतं? ते आईला असतं.

खोक्यात बसून मी यवतमाळला आलो. एका गल्लीत नरहरभाऊंचं दुकान होतं. हार्मोनियम, ढोलक्या, माइक, तारांची भेंडोळी, सगळं एकमेकांच्या अंगावर. नरहरभाऊ माणूस चांगला, पण घाईचा. त्यांनी मला खालच्या फळीवर ठेवलं आणि माझ्या शेजारी एक भला मोठा स्पीकर उभा केला. त्याला मी मनात 'थोरला' म्हणू लागलो. थोरल्याच्या जाळीमागे निळे दिवे लुकलुकायचे. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बेस कसा आहे?" मग नरहरभाऊ मोबाइलवरचं एक धडधडतं गाणं लावायचे. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरायच्या. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि त्याच्यासारखाच दुसरा बांधून घेऊन जायचं.

मला कोणी वाजवून पाहत नव्हतं. एकदा एका मंगल कार्यालयवाल्यानं मला बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "हा लहान पोट्ट्यायचा दिसते." नरहरभाऊ माझ्या डोक्यावर चहाचा ग्लास ठेवत. मित्रांनो, ग्लासाचं ओलं कडं अंगावर वाळत असताना काय वाटतं, ते ज्याला बोलायला बनवलंय आणि कोणी बोलू देत नाही, त्यालाच कळेल.

मग एका दुपारी चौघं जण दुकानात शिरले. पुढे ओम, पाठीवर गिटारची पिशवी. मागे त्याची बायको बबिता. तिच्या एका खांद्यावर झोपलेलं लेकरू आणि दुसऱ्या काखेत जुन्या साडीत गुंडाळलेला कीबोर्ड. तिच्या मागे ओमची धाकटी बहीण ममता. आणि सगळ्यांत शेवटी, दुकान आपलंच असल्यासारखा, ओमचा मित्र बबलू. त्याची डीजेची गाडी होती.

ही मंडळी बाभुळगावजवळच्या एका तांड्यावरची. ओम आणि बबिता यवतमाळात खोली करून राहत होती. बारसं, वाढदिवस, हळदी, भजन, जिथे बोलावतील तिथे तो गिटार वाजवायचा आणि ती कीबोर्ड. पण स्पीकर दर वेळी दुसऱ्याचा मागून आणावा लागे, आणि तो ऐन वेळी दगा देई.

"भाऊ, मोठ्यात मोठा दाखवा," ओम म्हणाला. "पुढच्या महिन्यात ह्या बहिणीचं लग्न हाय. आमच्या बापूले आयकू येत नाई. आवाज असा पायजे का त्यायच्या कानात शिरलाच पायजे."

"हा घे ना मंग," बबलूनं थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. "चालू केला का भिंतीचा चुना पडते."

नरहरभाऊंनी ते धडधडतं गाणं लावलं. चुना काही पडला नाही, पण खांद्यावरचं लेकरू दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. बबितानं कीबोर्ड तसाच काउंटरवर टेकवला, लेकराला छातीशी धरलं आणि डुलत डुलत दुकानाच्या दारापर्यंत गेली. बऱ्याच वेळानं रडं थांबलं. ती परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली होता.

"भाऊ, हळू वाजवा ना. आत्ताच डोळा लागला छकुलीचा."

"ताई, हळू वाजवून स्पीकर समजत नाही. गाडी घेताना गाडी पळवूनच पाहावी लागते."

"आमाले हळूच वाजवा लागते, भाऊ. बारशात काय चुना पाडाचा हाय?"

नरहरभाऊ हसले. माझ्या शेजारचा थोरला मात्र हसला नसावा.

"अन् ते मोबाइलचं गाणं बंद करा," बबिता पुढे म्हणाली. "ते कोणत्याबी डब्यात चांगलंच वाजते. आमचंच सामान लावून पाहू."

ओमनं गिटार काढली. बबितानं एका हातानं साडीची गुंडाळी सोडली. आमच्याकडे सगळ्याच कीबोर्डांना कॅसिओ म्हणतात. तिचा तो कॅसिओ जुना होता, मधल्या दोन पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. थोरल्याच्या पाठीला तार लावायला एकच जागा होती. मग नरहरभाऊंनी कुठून तरी एक जोड काढला आणि दोन्ही वाद्यं त्या एकाच जागेत कोंबली. ओमनं तार छेडली, बबितानं एका हातानं सूर धरला. हळू आवाजात थोरला गोंधळून गेला. आधी माशी घोंघावल्यासारखी घरघर, आणि तिच्या आड गिटार आणि कॅसिओ एकमेकांत कालवलेले.

"खिचडी झाली," ममता हळूच म्हणाली.

"आवाज वाढव, मंग मोकळी होते," बबलू म्हणाला.

"लेकरू," बबितानं एवढंच म्हटलं. मग तिची नजर खाली आली. "हा बारका कसा हाय, भाऊ?"

नरहरभाऊंनी माझ्या डोक्यावरचा ग्लास उचलला आणि बाहीनं कडं पुसलं. मित्रांनो, मी घाबरलो होतो. माझ्या पाठीत गिटारची तार शिरली, तिच्या शेजारी कॅसिओची. कळा अगदी थोड्या फिरल्या.

ओमनं एक तार छेडली. तिला लागलेलं त्याचं नखसुद्धा मी सांगितलं. बबितानं डावीकडची खर्जातली पट्टी दाबली. ती गुरगुरली नाही, बसून राहिली, आणि तिच्यावर गिटार निराळी उभी राहिली. एका खोलीत दोन माणसं हळू बोलत असावीत आणि दोघांचंही कळावं, तसं. मी काही फार मोठं केलं नव्हतं. दोघांच्या मध्ये आलो नाही, एवढंच.

ओम वाजवायचा थांबला. "आपण असे वाजवतो?" त्यानं बायकोला विचारलं.

"रोजच असे वाजवतो. आज आयकू आलं."

"आता माइक," बबिता म्हणाली. "ममता, तू बोल."

ममता लाजली. "काय बोलू?"

"काहीबी. घरी बापूले सांगते तसं."

बबिता लेकराला घेऊन दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. ऑटो जात होते, भाजीवाला ओरडत होता. ममतानं आधी थोरल्यातून सांगितलं. बाहेर बबितानं मान हलवली. नुसतं भॉं भॉं ऐकू येत होतं. मग माइकची तार माझ्या तिसऱ्या जागेत आली. ममता म्हणाली, "बापू, दळण संपलं."

"मंग घेऊन ये ना जाऊन!" बाहेरून बबिता म्हणाली, आणि दुकानात सगळे हसले.

ममता हसली नाही. माइक हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं नरहरभाऊंना जे सांगितलं, ते मी तेव्हाच मनात धरून ठेवलं.

तिचे वडील देवीलाल उमर जाईतोवर मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाची सरकी काढणाऱ्या यंत्रांजवळ दिवसभर उभं राहून त्यांचे कान गेले. पण सगळा आवाज गेला नव्हता. "ट्रॅक्टर आला तं समजते त्यायले. ढोल समजते. शब्द समजत नाई. कानाचं यंत्र आणलं होतं, तं म्हणे भांडे आपटल्यावानी होते. ठेवून देलं पेटीत." आई जमनी गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. दारावर कोणी आलं की ममता सांगायची, फोन आला की ममता सांगायची. "अन् बापूची एक सवय हाय, भाऊ. नाई समजलं का 'हो हो' म्हणतात. कोणालेच समजत नाई का त्यायले समजलं नाई. मलेच समजते."

इथे मला थोडं थांबून तुम्हाला ढावलो सांगायला हवा. बंजारा तांड्यावर मुलगी सासरी निघते तेव्हा ती एकेकाच्या गळ्यात पडते आणि गाऊन रडते, किंवा रडून गाते, काहीही म्हणा. त्याला ढावलो म्हणतात. जुन्या बायका तिला चाल शिकवतात, पण शब्द ज्याचे त्याला. आत्याला वेगळे, भावाला वेगळे, बापाला वेगळे. जे एरवी घरात कुणी कुणाला बोलत नाही, ते त्या वेळी बोलून घ्यायचं असतं.

"आता पोरी म्हणतच नाई," ममता म्हणाली. "डीजे लावते अन् गाडीत बसते. मले म्हणायचा हाय. अन् बापूनं शब्द आयकले पायजे. नाईतं ते 'हो हो' म्हणतीन, अन् मी चालली जाईन."

ओम अजून थोरल्याकडेच पाहत होता. "पण मोठा असला तं..."

"तुमच्या बापूले आवाज कमी नाई पडत," बबिता म्हणाली. "शब्द कमी पडते."

बबलूनं शेवटचा प्रयत्न केला. "अबे, हा तं टिफिन हाय टिफिन! लग्नात लोकं काय म्हणतीन?"

बबितानं वाकून माझी मूठ धरली आणि एका हातात मला, एका हातावर छकुलीला घेऊन ती ताठ उभी राहिली. "टिफिन तं टिफिन. मले उचलता येते."

असा मी निवडला गेलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर पोहोचलो. अंगणात मांडव होता. ओमची आत्या लालीबाई, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली करारी म्हातारी, तिनं मला आधी हळदीकुंकू लावलं. नवी वस्तू घरात आली की पूजा हवीच. मग तिनं नारळ उचलला आणि माझ्या डोक्यावर नेम धरला.

"आत्या, आत्या! दगडावर फोडा!" बबिता धावत आली. "पाणी गेलं तं मरते ते."

"मरते म्हणजे? नाजूकच हाय मंग," लालीबाई म्हणाली. पण नारळ दगडावर फुटला, आणि प्रसादाचा पहिला तुकडा तिनं माझ्यापुढेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी केळापूरकडून वरात आली. नवरदेव फुलचंद, अबोल आणि घामाघूम. बबलूचा डीजे वाजला, लोक नाचले. त्या गदारोळात मी घराच्या भिंतीलगत एका बाजेवर गप्प उभा होतो. देवीलाल नवा पटका बांधून खुर्चीत बसले होते. जो येई तो त्यांच्याशी काही बोले, आणि ते हसून म्हणत, "हो हो." मीही ऐकत होतो. दर वेळी ममता मान वळवून पाही.

दुपार कलली, तशी निघायची वेळ झाली. बबलूनं आपण होऊन डीजे बंद केला. ओमनं बापूंची खुर्ची उचलून नेमकी माझ्या समोर आणून ठेवली, हातभर अंतरावर. त्याला वाटलं, जितकं जवळ तितकं चांगलं. त्यानं गिटारही घेतली होती, पण लालीबाईनं डोळे वटारले. "ढावलोले बाजा नसते." ओमनं तारांवर तळवा ठेवला.

ममतानं आईची चुंदडी डोक्यावरून घेतली होती. आधी ती लालीबाईच्या गळ्यात पडली. तिथे माइकचं काही काम नव्हतं. आत्याभाचीचा आवाज एकमेकीत मिसळला आणि बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. मग ओमची पाळी. गिटार तशीच अंगावर असल्यामुळे तिला भावाच्या गळ्यात नीट पडताही येईना, ती रडतारडता म्हणाली, "काढ ना ते, भिया!" मग मागचे लोक थोडे हसले, आणि थोडे जास्त रडले.

मग ती बापाकडे वळली. बबितानं तिच्या हातात माइक दिला. ममता पुढे आली, रीतीप्रमाणे दोन्ही हात पसरले आणि बापाच्या गळ्यात पडली. आणि माइक थेट माझ्या तोंडासमोर आला.

मित्रांनो, मी किंचाळलो. माझा आवाज माइकमध्ये, माइकचा आवाज माझ्यात, पुन्हा माझा त्याच्यात, असं गोल फिरायला लागलं की माझ्या हातात काही राहत नाही. कुईंऽऽ असा सूर पोटातून निघाला. बायकांनी कान झाकले. छकुली रडायला लागली. आणि देवीलाल, ज्यांच्या कानापर्यंत काही पोहोचत नाही म्हणतात, त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले आणि डोळे गच्च मिटले.

"बंद कर बे!" कोणी तरी ओरडलं.

बबितानं झटकन कळ फिरवली. मी मुका झालो. ममता तशीच बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून गात होती. आता तिच्या चालीला माझी साथ नव्हती. देवीलालांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे ओठ हलताना त्यांना दिसत होते. त्यांचेही डोळे भरले होते. ती थांबल्यावर ते मोठ्यानं म्हणाले, "हो हो, बाई. हो हो."

ममतानं मान वर केली. तिचं रडणं थांबलं होतं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. "भाभी," ती म्हणाली, "नाई पोचलं."

वरातीकडची गाडी घरघरत उभी होती. फुलचंदच्या काकानं घड्याळ पाहिलं. लालीबाई म्हणाली, "जाऊ दे, पोरी. गळ्यात पडली ना. बापाले समजते."

"नाई समजत, आत्या. मले माहीत हाय."

बबितानं छकुलीला ओमच्या हातात दिलं. ती एक क्षण माझ्याकडे पाहत उभी राहिली. कार्यक्रमात तिनं आणि ओमनं माइक नेहमी स्पीकरच्या मागे ठेवलेला. पाठीमागून आलेल्या माइकचा मला त्रास होत नाही, हे तिला माहीत होतं. पण इथे अडचण वेगळीच होती. बापासमोर राहिली तर गळ्यात पडता येतं, पण मी किंचाळतो. माझ्या मागे गेली तर शब्द पोहोचतात, पण ढावलो होत नाही. गळ्यात पडल्याशिवाय कसला ढावलो?

"ममता, इकडं ये. ह्याच्या मांगं," बबिता म्हणाली.

"अन् गळ्यात कशी पडन?" लालीबाईनं विचारलं.

"वरून. डबा मधात राहू द्या."

काय चाललंय ते कोणाला कळेना. बबितानं बापूंची खुर्ची अजून पुढे सरकवली, इतकी की त्यांचे गुडघे बाजेला लागले आणि कान माझ्या जाळीजवळ आला. ममता माझ्या पाठीमागे आली. तिनं माझ्या डोक्यावरून वाकून दोन्ही हात लांब केले आणि बापाच्या गळ्याभोवती घातले. तिचा गाल माझ्या डोक्यावर टेकला. तिच्या बांगड्या माझ्या दोन्ही कुशींना लागल्या. मी, एक लोखंडी जाळीचा डबा, त्या दोघांच्या मिठीत होतो.

थोरला असता तर तिचे हात पोहोचलेच नसते.

माइक बबितानं धरला, ममताच्या तोंडापाशी, माझ्या पाठीआड. कळ तिनं अगदी थोडी फिरवली, बारशाला फिरवते तेवढी. मांडवातल्या शेवटच्या माणसाला कदाचित ऐकूही गेलं नसेल. त्याच्यासाठी ते नव्हतंच.

ममता गाऊ लागली. ते गोरबोलीत होतं, तिच्या आईच्या बोलीत. चाल मला तुम्हाला सांगता येणार नाही, शब्दांचा अर्थ सांगतो.

बापू, दार वाजलं तर मी उघडत होते. आता दार वाजेल आणि तुला कळणार नाही. चुलीवर दूध चढलं तर मी धावत होते. आता दूध उतू जाईल आणि तू पाठ करून बसलेला असशील. पाऊस आला तर मी तुझा हात ओढून आत आणत होते. आता अंगणात कोण येईल, कोण हाक मारेल, तुला कोण सांगेल, बापू? मी आले तरी तुला कोण सांगेल?

मी जितका नीट बोलू शकत होतो तितका बोललो. प्रत्येक अक्षराची कड मी धरून ठेवली. देवीलालांचा कान माझ्या जाळीला लागला होता. सुरुवातीला त्यांचा चेहरा तसाच होता, सवयीचा, हसरा. 'हो हो' ओठांवर आलेलंही मला दिसलं. मग ते तिथेच थांबलं. त्यांची मान थोडी वळली. कपाळावर आठी आली, जशी लांबून येणाऱ्या माणसाला ओळखताना येते. त्यांनी हात वर केला आणि माझ्या कुशीवर ठेवला, ममताच्या हाताशेजारी.

ती संपली. गाडीचं इंजिन कोणी तरी बंद केलं होतं.

नेहमी मोठ्यानं बोलणारे देवीलाल मग इतक्या हळू बोलले, की बबितानं माइक पुढे नेला नसता तर ते माझ्याशिवाय कोणालाच कळलं नसतं.

"दाराले आता कडी लावतच नाई म्या," ते म्हणाले. "तू आली का ढकल अन् आत ये. हाक नको मारू." मग नाक पुसून म्हणाले, "अन् दूध उतू गेलं तं जाऊ दे."

ममता रडतारडता हसली. हसली आणि पुन्हा रडली. "भाभी! आयकलं त्यायनं! दूध म्हणे! भिया, आयकलं बापूनं!" तिचे डोळे माझ्या डोक्यावर गळत होते. पाणी आत गेलं तर मी मरतो हे बबिताला माहीत होतं. तरी तिनं मला पुसलं नाही.

लालीबाई बाजेपाशी आली, माझ्यावर हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "डबा चांगला हाय," ती म्हणाली. बबलू दूर उभा होता. तो म्हणाला, "टिफिन हाय, पण जेवन गरम हाय." मग गाडी निघाली.

त्यानंतर आम्ही खूप फिरलो. ओमची गिटार, बबिताचा कॅसिओ आणि मी. वाढदिवसांना गेलो, शाळेच्या गॅदरिंगला गेलो, पार वणीपर्यंत गेलो. तांड्यातांड्यावरून निरोप यायला लागले, 'तो डबा घेऊन या, पोरीले ढावलो म्हणायचा हाय.' पुढे ओम आणि बबिता तांड्यावरच राहायला आली, बापूंजवळ. माझी एक कळ हरवली, तिच्या जागी बबितानं औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलं आहे. ते फिरवताना छान कुरकुरतं.

आता मी जुना झालो. ब्लूटूथवाला एक नवा स्पीकर घरात आला आहे, छकुली त्यावर कविता ऐकते. त्याचं माझं वैर नाही. पण वेचणीचे दिवस आले की घरात छतापर्यंत कापूस भरतात, आणि मी त्या ढिगाच्या कडेला पडून असतो. कापसाचे तंतू माझ्या जाळीतून आत जातात, छोट्या भोंग्यावर बसतात. मग मीही तोंडात पदर धरल्यासारखा बोलतो. कधी कोणी माझ्यावर पाण्याचा तांब्या ठेवतं. कधी तारेला धरून ओढतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याच्यावर जुनं धोतर टाका, मऊ ब्रशनं जाळी झाडा, तार ओढू नका, टोक धरून काढा. नवा घ्यायला जाल तर आपलं वाद्य सोबत न्या, दुकानातलं गाणं ऐकून भुलू नका. हळू लावून पाहा. जो हळू असताना नीट बोलतो, तो तुमचा.

आणि घरात ज्याला कमी ऐकू येतं, त्याच्यावर ओरडू नका. ओरडणं त्याला आमच्या थोरल्यासारखं वाटतं, नुसता धक्का. कामं टाका, त्याच्या इतके जवळ बसा की गुडघ्याला गुडघा लागेल, आणि जे सांगायचं ते सावकाश सांगा. त्यानं उत्तर देईपर्यंत उठू नका.